येसरची फ्लॉपी

श्रीमंतरावांनी भर पंगतीत शब्द दिला तेव्हा त्यांच्या तोंडात आमटीचा घोट होता, आणि तो घोट बेचव होता. पुतण्याची वास्तुशांत होती. आचाऱ्यानं येसर आमटी केली होती, म्हणजे पत्रिकेत तरी तसं छापलं होतं. शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी भुरका मारला, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "केशरबाईंच्या हातची आता कुठली मिळायची!"

"मिळेल," श्रीमंतराव म्हणाले. "वर्षश्राद्धाला या. तिचीच आमटी असेल."

दुसरा कोणी हे बोलला असता तर ते त्या पाहुण्यांपुरतं राहिलं असतं. पण श्रीमंतराव नगरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर माईकसमोर बसून त्यांनी नेवासा, शेवगाव, पाथर्डीच्या गाड्या पुकारल्या. निवृत्तीत माईक गेला, आवाज राहिला. घरात त्यांनी मीठ मागितलं तर शेजारचे मीठ घेऊन येतात. तेव्हा वर्षश्राद्धाला केशरबाईंचीच आमटी असणार, ही बातमी मांडवातल्या शेवटच्या पंगतीपर्यंत आणि मांडवाबाहेर चपला राखणाऱ्यापर्यंत पोचली. पुकारलेली गाडी रद्द करायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता.

घरी आल्यावर सूनबाई सुकन्यानं विचारलं, "नाना, आईंचा येसर मसाला दिवाळीतच संपला. नवा कशानं करायचा? प्रमाण कोणाला माहितीये?"

प्रमाण कोणालाच माहीत नव्हतं. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, सुंठ, मिरे, हे सगळं भाजून दळायचं, इतपत नगर जिल्ह्यात कोणीही सांगेल. पण कोणतं किती आणि कुठवर भाजायचं, हे केशरबाईंनी कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या रंगुबाईंनी तर उमेदीची सगळी वर्षं हे प्रमाण काढून घेण्यात घालवली.

"केशर, धनं किती घालतीस गं?"

"मूठभर."

"कुनाची मूठ?"

"माझी."

इथं चौकशी संपायची.

मसाल्याचा मोठा डबा घासायला काढला तेव्हा तळाच्या कागदाखाली ती सापडली. निळी, चौकोनी, क्रीमच्या बिस्किटाहून थोडी मोठी. वर केशरबाईंच्या अक्षरात लिहिलेलं, 'येसर'. श्रीमंतरावांच्या सगळं लक्षात आलं. केशरबाई पतसंस्थेत मराठी टायपिस्ट होत्या. तिथं टाइपरायटर जाऊन संगणक आला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सराव म्हणून त्यांनी मसाल्याची कृती टाइप केली होती आणि ही फ्लॉपी घरी आणली होती. कागदपत्र कपाटात आणि मसाल्याची वस्तू मसाल्याच्या डब्यात, अशी त्यांची शिस्त. फ्लॉपी यातली कोणती, याचा त्यांनी त्यांच्या परीनं विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी श्रीमंतराव चितळे रोडवर ओंकारच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेले. ओंकारनं फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत पाहिलं आणि तो सलग शिंकत सुटला. डोळे पुसत म्हणाला, "काका, मिरे जास्त आहेत."

"म्हणजे वाचता येतंय तुला?"

"वास येतोय. वाचायला ड्राइव्ह लागेल. तो आता नगरात कोणाकडं नाही. ऑनलाइन मिळाला तर बघतो मागवून."

"मी मागवतो," श्रीमंतराव म्हणाले. ज्या माणसानं शिर्डीपासून सोलापूरपर्यंतचं आरक्षण सांभाळलं, त्याला मोबाईलवरून एक वस्तू मागवता येऊ नये? त्यांनी मोबाईलवर 'फ्लॉपी' असं लिहिलं, ज्या वस्तूला सगळ्यांत जास्त चांदण्या होत्या ती निवडली आणि घरात कोणाला काही न सांगता वाट पाहू लागले.

पार्सल आलं. त्यातून बायकांची टोपी निघाली. समुद्रावर घालतात तसली, पिवळी, परातीएवढ्या काठाची. अशा टोपीला इंग्रजीत फ्लॉपी म्हणतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मुलगा नितीन एमआयडीसीतून पाळी संपवून आला आणि टोपी बघून काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

टोपी परत पाठवायची ठरली. पण परतीचा माणूस येईपर्यंत रंगुबाईंनी ती घालून गच्चीवर कुरडया घातल्या. परतीचा माणूस टोपी उलटीसुलटी करून म्हणाला, "हिला चीक लागलाय. वापरलेला माल परत होत नाही."

"ऱ्हाऊ द्या मंग," रंगुबाई म्हणाल्या. "ऊन लागत न्हाई. लई सोयीची हाय." ती टोपी तेव्हापासून त्यांच्याकडं आहे.

बदल्यात त्यांनी सल्ला दिला. "फ्लापी अडकली आसंल. त्या पत्र्यावर गोड्या तेलाचा थेंब सोडा." श्रीमंतराव नको म्हणून आंघोळीला गेले. बाहेर आले तर रंगुबाई एका हातात फ्लॉपी आणि दुसऱ्या हातात तेलाची पळी घेऊन उभ्या. श्रीमंतरावांनी ओल्या अंगानं धाव घेतली. थेंब फरशीवर पडला, त्यावरून ते घसरले आणि फ्लॉपी वाचली. कंबर आठवडाभर धरली. माणसाचं नुकसान झालं तरी गाडी शाबूत राहिली पाहिजे, हे एसटीतलं तत्त्व त्यांनी सुकन्याला समजावून सांगितलं. तिनं शेक द्यायची पिशवी भरून आणली.

विचारपूस करायला आप्पासाहेब आले. आप्पासाहेब म्हणजे गल्लीतले निवृत्त तलाठी. कोणत्याही दुखण्यावर त्यांच्याकडं एकच औषध असतं, अर्ज. ते म्हणाले, "वहिनींच्या पतसंस्थेत तो जुना संगणक असणारच. संस्था माणसं काढते, वस्तू काढत नाही. अर्ज करा."

त्यांनी स्वतःच तो लिहून दिला. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून', सगळं जिथल्या तिथं. शेवटी 'मयत पत्नीच्या आमटीकामी' असे शब्द होते. श्रीमंतरावांना ते बरे वाटले नाहीत. पण तलाठ्याच्या मराठीत माणूस गेला की मयतच होतो, त्याला इलाज नाही.

पतसंस्थेच्या मॅनेजर रुपाली मॅडम नव्या होत्या आणि बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, दोनदा वाचला.

"काका, मशीन आहे. स्टोअरमध्ये आहे. पण ते निर्लेखनात निघालंय. कागदोपत्री मयत समजा."

"मग मी घेऊन जातो. मयताची मला आता सवय झालीये."

"तसं नाही. निर्लेखन समितीची बैठक व्हायचीये. तोवर पूर्ण मयत नाही."

"म्हणजे जिवंत आहे. तर मग चालू करून बघू."

"चालू कसं करणार? ते बंद आहे असा शेरा मारलाय. चालू झालं तर शेरा खोटा ठरेल."

श्रीमंतरावांनी विचारलं की बैठक कधी आहे. मॅडम म्हणाल्या की सदस्य पुरे झाले की. सदस्य कधी पुरे होतील? तर निवडणूक झाली की. शिवाय त्या मशीनवर केलेली फाइल उघडायची तर ज्यांनी ती केली, त्या वापरकर्त्याची सही लागेल.

"ती वापरकर्ती माझी बायको."

"मग त्यांना घेऊन..." मॅडम म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. त्यांचा चेहरा पडला. श्रीमंतरावांनाच वाईट वाटलं. त्यांनी मॅडमना पाणी प्यायला सांगितलं.

पण श्रीमंतराव हटले नाहीत. ते रोज जेवणाचा डबा घेऊन पतसंस्थेत जायला लागले आणि कॅशच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायला लागले. केशरबाई निवृत्त होईपर्यंत ज्या दारातून घरी यायच्या, त्याच दारासमोर तो बाक होता. शिपाई म्हणाला, "नाना, इथं बसून काय होणारे?" श्रीमंतराव म्हणाले, "स्टँडवर लोक काय करतात? बसतात. गाडी येते."

गाडी काही येईना. शेवटी एका सोमवारी, हॉल खातेदारांनी भरलेला असताना, ते उभे राहिले, घसा साफ केला आणि डोळे मिटून पुकारलं:

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! येसर आमटीचा अर्ज, मॅनेजर कार्यालयमार्गे स्टोअर रूमकडे जाणारा, फलाट क्रमांक दोनवर बरेच दिवस उभा आहे! चालक जागेवर आहे, वाहक मयत आहे! गाडी सुटण्याची वेळ समितीला विचारावी! प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!"

खातेदारांनी माना वळवल्या. मग कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. एक म्हातारे खातेदार पिशवी उचलून खरंच दाराकडं निघाले. मागून एकजण ओरडला, "अहो मॅडम, सोडा की गाडी!" आणि रुपाली मॅडम आतून किल्ली घेऊन आल्या.

"चालू झालं तर चालू झालं," त्या म्हणाल्या. "शेऱ्याचं मी बघते."

ओंकारला फोन श्रीमंतरावांनी केला, त्यांच्या त्या आवाजात. फोन रंगुबाईंनीही ऐकला, म्हणून त्याही आल्या. टोपी घालून. ओंकारनं धुळीनं माखलेलं मशीन पुसलं, वायरी जोडल्या, आणलेली बॅटरी आत घातली. मशीन गुरगुरलं. फ्लॉपी आत गेली तसा जात्यातून दळण निघावं असा आवाज आला आणि पडद्यावर एकच फाइल दिसली. येसर. ओंकारनं ती उघडली. एक कोरी चौकट आली.

"पासवर्ड मागतेय," ओंकार म्हणाला.

"तो कशाला घातला हिनं?" श्रीमंतराव म्हणाले.

रंगुबाईंनी टोपी काढली. "माज्यामुळं. माजी ननंद हितंच कामाला हुती ना. मीच तिला म्हनले हुते, केशर नसताना उघडून बग." त्यांना थोडी लाज वाटत होती, पण अभिमान जास्त होता. "आन बगा, मूळची शिंगनापूरची बाई! ज्या गावात घराला कवाड न्हाई, तिनं मसाल्याला कुलूप लावलं!"

मग अंदाज सुरू झाले. ओंकारनं मुलाचं नाव घातलं, सुनेचं घातलं, केशरबाईंची जन्मतारीख, लग्नाची तारीख. श्रीमंतरावांनी लग्नाची तारीख दोनदा वेगवेगळी सांगितली, ते रंगुबाईंनी लक्षात ठेवलं. काही जमेना. मग रुपाली मॅडमनी बटणांकडं बोट दाखवलं. बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या होत्या. केशरबाईंनी चिकटवलेल्या. त्या मराठीशिवाय काही टाइप करायच्याच नाहीत.

"मराठी शब्द असणार," मॅडम म्हणाल्या. "काका, त्या तुम्हाला काय म्हणायच्या?"

श्रीमंतराव एका बोटानं पुढं सरसावले. "अहो," ते म्हणाले, आणि तसंच दाबलं. चौकट हलली नाही.

ओंकारनं मान हलवली. "काका, फाइल दुकानात द्या. सॉफ्टवेअर लावतो. जुना पासवर्ड आहे, सकाळपर्यंत फुटेल."

"फोडायचा नाही."

"त्यात काही बिघडत नाही..."

"फोडायचा नाही म्हटलं ना. तिनं कडी लावली ती लावली. फोडून आत जायला मी चोर आहे का? नवरा आहे. रीतसर जाईन."

ते हे इतक्या मोठ्यानं बोलले की बाहेर हॉलमध्ये कॅशियरची नोटांची मोजणी चुकली. रंगुबाईंनी टोपी परत घातली.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. आमंत्रणं गेली होती, आणि पाहुणे फोनवर 'येतो' म्हणायच्या ऐवजी 'आमटीला येतो' म्हणत होते. सुकन्यानं अंदाजानं तीन वेळा मसाला करून पाहिला. तिन्ही वेळा श्रीमंतराव 'ठीक आहे' म्हणाले. ती हिरमुसून आत जायची. शेवटी श्रीमंतराव उठून शिंगणापूरला, केशरबाईंच्या माहेरी, निघाले. लहानपणापासूनचा केशरबाईंचा एखादा लाडका शब्द, गाईचं नाव, खेळातलं नाव, काहीतरी त्यांच्या भावाला, रामहरीला, माहीत असणार.

मेहुण्याचं घर जुन्या वळणाचं. दगडी चौकट, त्यावर पडदा, कवाड नाही. श्रीमंतराव विचारात होते. पोचले, पायरी चढले आणि सवयीनं टकटक करायला हात उचलला. समोर नुसता पडदा. हात पडद्यातून आरपार गेला, त्यामागून तेही गेले आणि थेट ओट्यापाशी ज्वारी निवडत बसलेल्या मेहुण्याच्या बायकोच्या सुपात पाय पडला.

"अगं बाई! दाजी!" ती उठली. "टकटक कशावर करताय? आमच्याकडं हाक मारून येत्यात. येवढी वर्सं जावई हाय तुमी!" आणि परसाकडं तोंड करून तिनं नवऱ्याला हाक दिली, "आवं! आवं, दाजी आल्यात!"

श्रीमंतराव सुपात पाय ठेवूनच उभे राहिले.

आवं. लग्न होऊन नगरला आल्यावर केशरबाई अशीच हाक मारायच्या. एकदा डबा घेऊन स्टँडवर आल्या आणि भर गर्दीत त्यांनी 'आवं!' अशी हाक घातली. ती माईकवरून पाथर्डीच्या गाडीबरोबर सगळ्या स्टँडवर ऐकू गेली. सहकारी महिनाभर श्रीमंतरावांना 'आवं साहेब' म्हणत होते. तेव्हापासून चार लोकांत 'अहो' म्हणायचं ठरलं, आणि केशरबाई चार लोकांत 'अहो' म्हणत राहिल्या. स्वयंपाकघरातून मात्र शेवटपर्यंत 'आवं'च यायचं. अहो हे लोकांसाठी होतं. मसाला काही लोकांसाठी नव्हता.

"दाजी, पाय काढा, जवारी हाय," मेहुण्याची बायको म्हणाली.

त्यांनी पाय काढला आणि चहा न घेता परत फिरले. रामहरी परसातून येऊन बघतो तर पडदा हलत होता. जावई चहा न घेता गेला, म्हणून सासुरवाडीला ते अजून लागलेलं आहे.

पतसंस्था बंद व्हायला आली होती. रुपाली मॅडम त्यांचा चेहरा बघून काही न विचारता स्टोअरकडं गेल्या. ओंकारला बोलावलं. रंगुबाई बोलावल्या नव्हत्या, तरी होत्या. श्रीमंतराव खुर्चीवर बसले. एका बोटानं अ दाबला. मग काना. मग व. अनुस्वाराचं बटण शोधायला वेळ लागला. त्याच्यावरची चिकटपट्टी झिजून गेली होती.

फाइल उघडली.

पडद्यावर मराठी अक्षरं होती, सरळ ओळीत, समास सोडून, केशरबाई टाइप करायच्या तशी. श्रीमंतरावांना ती वाचता येईनात. चष्मा शिंगणापूरला सुपात पडला होता, असं ते म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"वाचा कोणीतरी," ते म्हणाले.

आणि ज्यांच्यापासून लपवण्यासाठी हे कुलूप लावलं होतं, त्या रंगुबाई पुढं झाल्या आणि घडाघडा वाचायला लागल्या. बाजरी इतकी. डाळ इतकी. धणे पाऊण वाटी, मूठभर नव्हे. "बगा! मूठ म्हनायची मला!" सुंठ. मिरे. बाजरी लाल होईस्तो नाही, वास सुटेस्तो भाजावी. आमटीला उकळी आल्यावर येसर पाण्यात कालवून सोडावं.

"आन मीठ..." रंगुबाई वाचत होत्या. "मीठ अंदाजानं. मग यांना वाटीत चव बघायला द्यावी. 'ठीक आहे' म्हणाले तर काहीतरी कमी आहे, अजून घालावं. 'छान आहे' म्हणाले तर लक्ष पेपरात आहे, पुन्हा विचारावं. काही न बोलता वाटी परत पुढं केली, की झाली."



रंगुबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि एकदम श्रीमंतरावांवर डाफरल्या. "म्हंजी येवढी वर्सं मी मसाला मागत हुते, आन मसाल्यात तुमी हुता व्हय? मला कसा मिळनार तो!"

वर्षश्राद्धाला अंगणात मोठं पातेलं चढलं. मांडवात माणसं मावेनात. आप्पासाहेब पंगतीचा क्रम लावत होते, रामहरी आणि त्यांची बायको आले होते आणि जावयाशी मोजकंच बोलत होते. सुकन्यानं सकाळपासून फाइलबरहुकूम सगळं केलं. उकळी आली, येसर सोडलं, वास थेट गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मग ती वाटी घेऊन श्रीमंतरावांच्या खुर्चीपाशी आली.

"नाना, बघा."

त्यांनी घोट घेतला. "ठीक आहे," ते म्हणाले.

सुकन्या या वेळी हिरमुसली नाही. गेली, मीठ घातलं, ढवळलं, परत आली.

"छान आहे," ते म्हणाले. ते तेव्हा केशरबाईंच्या फोटोकडं बघत होते.

"नाना, इकडं बघा. पुन्हा घ्या."

त्यांनी पुन्हा घेतला. सगळा मांडव आता त्यांच्याकडं बघत होता. एवढी माणसं, आणि शब्द दिलेला. आता ते पुकारणार, म्हणून पुढच्या पंगतीतल्यांनी कान सावरले. श्रीमंतरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि रिकामी वाटी सुकन्याच्या पुढं धरली.

पातेल्यापाशी पिवळी टोपी घालून उभ्या असलेल्या रंगुबाईंनी ते पाहिलं आणि डाव उंच करून, श्रीमंतरावांनाही कधी जमला नसता अशा आवाजात, सगळ्या गल्लीला पुकारलं, "झाली! वाढा पंगत!"